तलाव तसाच ठेवून पीएचडी कशी करावी

विषय ठरवताना एकच काळजी घ्या: तुमच्या संशोधनाने तलाव सुधारला, असं चुकूनही होऊ देऊ नका. मागून येणाऱ्यांनी मग काय करायचं? नागपुरात अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सक्करदरा, सोनेगाव हे तलाव आहेत, शिवाय नाग, पिवळी आणि पोहरा या नद्या. भरपूर घाण आहे, सगळ्यांना पुरेल. शीर्षकात ‘भौतिक-रासायनिक गुणधर्मांचा ऋतुनिहाय अभ्यास’ एवढं आलं की झालं. ऋतू तीन, म्हणजे फेऱ्याही तीनच.

नमुना घ्यायला पहाटे मुळीच जाऊ नका. रात्रभर शेवाळ, मासे, जिवाणू सगळेच ऑक्सिजन खातात आणि तयार कोणीच करत नाही, त्यामुळे सूर्य उगवायच्या सुमारास तो तळाला गेलेला असतो. मेलेले मासे सकाळी तरंगताना दिसतात ते बहुतेक वेळा यामुळेच. तुम्ही तर्री पोहे खाऊन बारा वाजता पोहोचा. हिरव्यागार पाण्यात भर उन्हात ऑक्सिजनचा आकडा असा चढतो की तलावाचा सत्कार करावासा वाटेल.

पुस्तकात लिहिलंय की ऑक्सिजन मोजायला 300 मिलीच्या काचेच्या बाटलीत एकही बुडबुडा न ठेवता पाणी भरा आणि काठावरच 2 मिली मँगनस सल्फेट आणि 2 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडा. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. पुस्तकातलं पुस्तकात राहू द्या. तुम्ही पिण्याच्या पाण्याची रिकामी बाटली अर्धी भरा, स्कूटीच्या डिक्कीत टाका आणि वाटेत बर्डीच्या बाजारातली दोन कामं उरकून घ्या. अर्धी बाटली हवा आणि रस्त्याचे दचके, एवढ्यावर नाग नदीचं मेलेलं पाणीही विभागात पोहोचेपर्यंत धाप टाकू लागतं.

खरी गंमत बीओडीत आहे. जिवाणूंना घाण खायला किती ऑक्सिजन लागतो, ते यात मोजतात. शहरी सांडपाण्याचा बीओडी लिटरला 200 मिलिग्रॅमच्या आसपास असू शकतो आणि बाटलीतल्या पाण्यात ऑक्सिजन मावतो जेमतेम 7-8 मिलिग्रॅम. म्हणून 300 मिलीच्या बाटलीत नमुना 3 ते 6 मिलीच घालून बाकी हवा मुरवलेलं स्वच्छ पाणी भरायचं असतं. तुम्ही नमुनाच काठोकाठ भरा. आतला ऑक्सिजन काही तासांत संपेल, शेवटी शून्य दिसेल, सुरुवातीच्या 7 मधून वजाबाकी येईल 7. लिहून टाका, ‘बीओडी 7’. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा 3 आहे, म्हणजे गटार अगदी थोडक्यात नापास झालं. बाटली 27 अंशांवर 3 दिवस ठेवायची असते, तेव्हा ती गुरुवारी लावा. तिसरा दिवस रविवार येतो, किल्ली असते शिपायाकडे. सोमवारी उघडा आणि प्रबंधात 3 दिवस लिहा. नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था 1958 पासून आपल्याच शहरात आहे, तिथे यातल्या चुका दाखवणारी माणसं सापडतील. तिकडे फिरकू नका.

आणखी एक धोका: लिटरमागे किती मिलिग्रॅम ते लिहा, पण दिवसाला किती किलो हे काढू नका. समजा, एखादा नाला सेकंदाला 50 लिटर वाहतो आणि त्यात लिटरला 4 मिलिग्रॅम फॉस्फरस आहे. 86,400 सेकंदांचा गुणाकार केला की रोजचे 17 किलो खत तलावात पडताना दिसतं. मग जलपर्णी का हटत नाही हे कळतं, नाला कोणाचा ही चौकशी सुरू होते, आणि गाईडची झोप उडते. त्यापेक्षा जलपर्णीच्या गांडूळखतावर एक प्रकरण टाका. काढलेला ढीग काठावरच कुजू द्या, पहिल्या पावसात सगळा मालमसाला पुन्हा तलावात जातो आणि कच्चा माल अखंड मिळत राहतो.

पाणी किती येतं, सांडव्यावरून किती जातं, हे तर विचारूच नका. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिमीहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. पण तो सिव्हिलवाल्यांचा विषय, तुमचा विभाग वनस्पतीशास्त्राचा. मधे जिना आहे.

पदवीच्या पोरांचंही पाहायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला, तेव्हा यूजीसीने 50 तासिका आखल्या आणि त्यातल्या 5 बाहेर जाऊन बघण्यासाठी ठेवल्या. त्या 5 तासिकांत झेरॉक्सवाल्याकडे जाणं बसतं. तयार प्रोजेक्ट मिळतो, फक्त मुखपृष्ठावरचं नाव बदलायचं.

वृक्षारोपण 5 जूनलाच करा. नवतपा नुकता संपलेला, मृग लागायचा, खरा पाऊस आणखी आठवडाभर लांब, पारा बेचाळीसवर. खड्डा दोन फूट खोल हवा, तो एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापवायला हवा, ही कटकट टाळा. काळ्या मातीत वीतभर उकरा आणि रोप पिशवीसकट ठेवा, म्हणजे मुळं आतल्या आत वेटोळी घालत बसतात. पळस, मोह, बेहडा असलं गावठी काही नको, फोटोत शोभेल ते लावा. पुढल्या वर्षी खड्डा आयता मिळतो, प्रमुख पाहुणे तेवढे बदलावे लागतात.

शेवटच्या प्रकरणात शिफारसी असतात. ‘जनजागृती करावी’ हे वाक्य हमखास टाका, त्याने कोणाचंच वाकडं होत नाही. ‘अमुक पुलाखालचं अमुक तोंड बंद करावं’ असं काही लिहाल तर व्हायवात ते कोणीतरी वाचेल.

मग बाइंडिंग करा आणि निश्चिंत व्हा. नाग नदीचं पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत जाऊन गोसीखुर्द धरणाला थांबतं. तुमचा प्रबंध सरळ प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, शोधगंगेत.