मॉर्फीनमुळे माणूस लवकर जातो, हा समज खरा नाही

कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये एक मजकूर वारंवार फिरतो. मॉर्फीन हे तीव्र वेदनेवरचे औषध सुरू केले की श्वास बंद पडून माणूस लवकर जातो, नाही गेला तर त्याला व्यसन लागते, आणि खेड्यात घरी हे औषध देणे कायद्याने शक्यच नाही, असे त्यात ठामपणे सांगितलेले असते. त्यावर विश्वास ठेवून गोळ्या कपाटात ठेवल्या जातात आणि त्याचे भोग अंथरुणावरच्या माणसाला भोगावे लागतात.

श्वासाची भीती अगदीच निराधार नाही, कारण अतिरिक्त मात्रेत मॉर्फीन श्वास मंदावते. मात्र तोंडाने द्यायचे औषध अल्प मात्रेत सुरू करून वेदनेच्या मानाने वाढवत नेतात आणि श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते. म्हणूनच गृहभेटीला आलेली सिस्टर वेदनेला दहापैकी किती गुण द्याल असे विचारते, मिनिटाला श्वास किती ते मोजते आणि हाक मारल्यावर रुग्ण नीट जागा होतो का ते पाहते. पहिले दोन-तीन दिवस रुग्ण बराच झोपतो, तेव्हा घरचे घाबरतात. पण कित्येक रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाची ती साचलेली झोपही असते. मूत्रपिंडे निकामी झाली असतील तर औषध शरीरात साठते, हे खरे. तिथे डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा दुसरे औषध निवडतात.

आजार बळावल्यावर हे औषध सुरू होते, म्हणून त्यानंतर आलेल्या मृत्यूचे खापर त्याच्यावर फुटते. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून उपशामक, म्हणजे वेदना व इतर त्रास कमी करणारी, सेवा मिळालेल्या गटाचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) 11.6 महिने, तर दुसऱ्या गटाचे 8.9 महिने होते. ही एकट्या मॉर्फीनची परीक्षा नव्हती. परंतु त्रास कमी करणारी सेवा आयुष्य हिरावते, या समजुतीला त्यात कुठेही आधार सापडत नाही.

व्यसन म्हणजे औषधाची अनावर ओढ. वेदनेसाठी देखरेखीखाली औषध घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांत ती क्वचितच आढळते. शरीराला सवय होते, म्हणून औषध एकदम न थांबवता हळूहळू कमी करतात. खरा आणि न टळणारा त्रास बद्धकोष्ठाचा आहे, आणि व्यसनाच्या चिंतेत घरचे नेमके त्याकडेच दुर्लक्ष करतात. त्यासाठी पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच सोबत द्यावे लागते.

आता कायदा. अमली पदार्थांविषयीचा 1985 चा कायदा जाचक होता, त्यामुळे कित्येक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले होते. परंतु 2014 च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक’ अमली औषधांचा वेगळा वर्ग केला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती बाळगण्याची वाट सोपी केली. खेड्यात हे जमत नाही म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. कोळिकोडमध्ये 1993 साली सुरू झालेल्या कामातून तिथे स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले, 2008 मध्ये राज्याने उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले, आणि आज पंचायतींच्या आधाराने परिचारिका घरोघरी जातात. औषध डॉक्टरच लिहून देतात. जखम धुणे, नळी बदलणे, गोळ्यांचा हिशेब ठेवणे आणि मात्रा अपुरी पडते आहे हे डॉक्टरांना वेळेवर कळवणे ही कामे परिचारिका करते. आपल्याकडे गोळ्या मिळत नसतील, तर जिल्ह्यातील कोणत्या संस्थेला ही मान्यता आहे, हे डॉक्टरांना आधी विचारावे.