पैसा नाही म्हणता? आधी संस्थेचं कपाट उघडा

नाशिकमधल्या इंटर्न, रेसिडेंट आणि पीएचडी करणाऱ्या मुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. कर्ता अज्ञात. म्हणणं थोडक्यात असं: बायकांच्या आरोग्यावर संशोधन करायला या देशात पैसाच नाही. जो आहे तो मुंबई-दिल्लीच्या संस्था नेतात. पीएचडी नसेल तर कुणी विचारत नाही. पस्तिशी उलटली किंवा बाळंतपणामुळे खंड पडला की दार बंद. ओळखीशिवाय मंजुरी नाही, आणि मंजुरी मिळाली तरी पैसे वेळेवर येत नाहीत. तेव्हा नाशिकमध्ये राहायचं असेल तर प्रॅक्टिस करा, संशोधनाचं खूळ सोडा.

यातला शेवटचा, उशिराचा मुद्दा बऱ्यापैकी खरा आहे. बाकीचे एकेक करून बघू.

‘पैसाच नाही.’ आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, बाहेरच्या संस्थांना देते त्या अनुदानात ‘लहान’ प्रकल्पाची मर्यादा २ कोटी रुपये आणि मुदत ३ वर्षांपर्यंत आहे. नावात लहान आहे एवढंच. त्याच्या वरचा गट २ ते ८ कोटींचा. एमबीबीएस-बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी तिचीच दोन महिन्यांची एसटीएस ही अल्पकालीन संशोधन योजना आहे, तिचं विद्यावेतन ५०,००० रुपये. पीएचडीसाठी जेआरएफ ही कनिष्ठ अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,०००, पुढे एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ, ४२,०००. वर घरभाडं. घरभाड्यासाठी सरकारने केलेल्या वर्गवारीत नाशिक ‘वाय’ वर्गाचं शहर असल्याने २० टक्के दराने ते ७,४०० होतं. बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या प्रवर्गांसाठीच्या राज्य सरकारच्या संस्था, त्यांच्या अधिछात्रवृत्त्या वेगळ्या. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा आयुर्वेदात पीएचडीला नोंदणी केलेल्या मुलीने आपल्या प्रवर्गाची जाहिरात कधी निघते यावर डोळा ठेवावा.

प्रयोगशाळेतलं मूलभूत काम असेल, उदाहरणार्थ एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याच्या आजाराच्या) पेशींवरचं, तर एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन निधी संस्थेचं पंतप्रधान अर्ली करिअर अनुदान ३ वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत जातं. डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि वेलकम (ब्रिटनमधली धर्मादाय संस्था) यांच्या संयुक्त संशोधन-करिअर कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्याचा एकूण आकडा १,५०० कोटींचा आहे, त्यातले १,००० कोटी डीबीटीचे.

मग ‘काहीच नाही’ असं का वाटतं? कारण ‘स्त्री-आरोग्य’ या नावाचा वेगळा खणच नाही. तो शब्द टाकून शोधलं तर हाती काही लागत नाही. अ‍ॅनिमिया पोषणाखाली सापडतो, गर्भाशयमुखाचा कर्करोग असंसर्गजन्य आजारांखाली, बाळंतपणानंतरचं नैराश्य मानसिक आरोग्याखाली, आणि ‘प्रजनन, माता व बाल आरोग्य’ या शीर्षकाखाली उरलेलं. विषयाचं नाव घेऊन नव्हे, आजाराचं नाव घेऊन शोधावं लागतं. अमेरिकेत २००० सालापासून खास स्त्री-आरोग्याच्या नव्या संशोधकांसाठी एक कार्यक्रम चालतो. त्यात तरुण प्राध्यापकाला ओपीडीतून सोडवून संशोधनाला वेळ मिळावा म्हणून त्या वेळेचे पैसे दिले जातात. तशी सोय आपल्याकडे नाही, ही तक्रार रास्त आहे. पण मजकुरात ती तक्रार नाहीच.

‘सगळं मुंबई-दिल्लीला जातं.’ भारतीय ग्रामीण स्त्रियांच्या स्त्रीरोगांचा १९८९ सालचा अभ्यास जगभर गाजला तो गडचिरोलीतून. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने मृत्यू कमी होतात, हे २००९ मध्ये दाखवलं ते उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांहून जास्त स्त्रियांच्या अभ्यासाने. त्याचं ठाणं होतं बार्शी. बार्शी नाशिकपेक्षा मोठं शहर आहे, असं कुणी म्हणणार नाही.

पत्ता आड येत नाही. आड येतात संस्थेचे कागद, आणि नाशिकमधले बरेच अर्ज विषय लिहिण्याआधीच इथे मरतात. सोमवारी सकाळी अधिष्ठात्यांच्या कार्यालयात जाऊन चार गोष्टी विचारा. एक, संस्था खासगी विश्वस्तांची असेल तर डीएसआयआरकडे (केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग) वैज्ञानिक संशोधन संस्था म्हणून नोंदणी आहे का, आणि तिची मुदत कधी संपते? ही नोंदणी नूतनीकरणाची असते आणि कपाटात पडून असलेलं प्रमाणपत्र कालबाह्य निघणं हा नेहमीचा प्रकार आहे. दोन, संस्थेच्या नैतिकता समितीची (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी समिती) केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आहे का? औषधचाचणीसाठी औषध नियंत्रकांकडे केलेली नोंदणी वेगळी. ती आहे म्हणून ही आहे, असं होत नाही. तीन, पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, संस्थेचं खातं उघडलेलं आहे का? चार, तुमची नेमणूक नियमित आहे की अकरा महिन्यांच्या कंत्राटाची? कंत्राटी व्यक्ती बहुतेक ठिकाणी मुख्य संशोधक होऊ शकत नाही. तेव्हा सहसंशोधक म्हणून नाव घाला आणि अर्ज स्वतः लिहा. लिहिणाऱ्याला अनुभव मिळतो, तो नावापेक्षा टिकतो.

परदेशी पैशाला आणखी दोन कुलुपं. संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि परदेशी सहकार्याला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी. या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसरीला पुढे देता येत नाही. त्यामुळे ‘मुंबईची संस्था घेईल आणि आम्हाला देईल’ हा बेत बसत नाही.

‘पीएचडीशिवाय काही नाही.’ चूक. डीबीटी-वेलकमच्या क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य शाखेत एमडी, एमएस, एमपीएचवर अर्ज करता येत आला आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आयसीएमआरच्या चेन्नईतल्या संस्थेचा संशोधनाचा ऑनलाइन कोर्स असाही करावाच लागतो, आणि डीआरपी, म्हणजे जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची सेवाही. ते तीन महिने प्रसूती कक्षाच्या रजिस्टरशी ओळख करून घ्यायला उत्तम. मोठ्या अर्जात ‘प्राथमिक आकडे’ मागतात, ते इथून येतात.

‘पस्तिशी आणि बाळंतपण.’ पस्तिशीची मर्यादा कुठून आली कोण जाणे. पंतप्रधान अर्ली करिअर अनुदानाची मर्यादा ४२ आहे. खंड पडलेल्या स्त्रियांसाठीच डीएसटीचं (केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग) वाइज-किरण, डीबीटीचं बायोकेअर आणि आरोग्य संशोधन विभागाची महिला शास्त्रज्ञ योजना आहे. खंड पडलाय म्हणून तिथे अर्ज करता येतो, तो लपवायचा नाही. कधी थांबलात आणि त्या काळात काय वाचलं-लिहिलं, हे दोन ओळींत सरळ लिहा. पीएचडीत स्त्रियांना २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार एकूण २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते आणि मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत आहे, मात्र सगळं मिळून १० वर्षांच्या आत. रजेचा अर्ज मार्गदर्शकाला तोंडी सांगून भागत नाही. विद्यापीठाचा शिक्का असलेली प्रत ठेवा, नाहीतर मुदतवाढीच्या वेळी ते दिवस मोजलेच जात नाहीत.

‘ओळखीशिवाय मंजुरी नाही.’ ओळख कुठेच चालत नाही, असा दावा कुणी करू नये. पण परत आलेले अर्ज उघडून पाहिले की कारणं फार साधी निघतात. एक नमुना बघा.

विषय: नाशिक जिल्ह्याच्या पेठ आणि सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला अ‍ॅनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा ५४.२ टक्के. प्रमाण ५४ टक्के आणि अंदाजात ५ टक्के चुकीची मुभा धरली तर नमुन्याच्या सूत्राने ३८२ स्त्रिया येतात, आणि अर्ज तिथेच थांबतो. पण आपण गावं निवडतो, सुट्या बायका नाही. एका गावातल्या बायका एकाच विहिरीचं पाणी पितात, एकाच रेशनचं धान्य खातात, म्हणून त्यांचे आकडे एकमेकींसारखे येतात. त्यासाठी निदान दीडपट धरा: ५७३. दहा टक्के भेटणार नाहीत किंवा नकार देतील: ६३७. आता ३८२ जणींच्या खर्चाचा अर्ज ६३७ जणींच्या कामाला पुरत नाही, हे परीक्षकाला पहिल्या पानावर दिसतं. त्याला तुमच्या ओळखीची गरज नसते.

पुढची चूक रक्ताची. बोटाच्या थेंबातलं हिमोग्लोबिन आणि शिरेतल्या रक्तातलं हिमोग्लोबिन जुळत नाही. बोट दाबून थेंब काढला तर आणखीच फरक पडतो. शिरेतलं रक्त घ्यायचं लिहा आणि ते नाशिकच्या लॅबपर्यंत थंड डब्यातून त्याच दिवशी कसं पोचेल तेही लिहा, गाडीच्या भाड्यासकट. लोहासाठी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) लावलंत तर सोबत सीआरपी (दाह दाखवणारी चाचणी) लावा. ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर फेरिटिन वर जातं आणि लोह कमी असलेली बाई कागदावर ठणठणीत दिसते. या पट्ट्यात सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी न ठेवता नुसतं लोह मोजणारा अर्ज कुणीही परत पाठवेल, आणि बरोबरच करेल.

स्त्री-आरोग्याच्या अर्जांत कायद्याच्या अडचणीही वेगळ्या असतात. सोनोग्राफी आहे? गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली यंत्र नोंदलेलं हवं, प्रत्येक गर्भवतीचा त्या कायद्यातला एफ फॉर्म हवा, आणि ‘पोर्टेबल मशीन गावात नेऊ’ हे वाक्य अर्जात दिसलं की तो बाजूला पडतो. सहभागी मुली अठराच्या आतल्या आहेत? १२ वर्षांपुढच्या मुलीची स्वतःची लेखी संमती आणि पालकांचीही संमती लागते. त्यात एखादी मुलगी गरोदर निघाली तर पॉक्सोखाली, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे. तसं झालं तर नेमकं कोण, कुणाला कळवणार आणि मुलीला सोबत कोण राहणार, हे नैतिकता समिती विचारते. उत्तर आधीच लिहिलेलं असेल तर दोन महिने वाचतात. संमतीपत्र पुस्तकी मराठीत असून चालत नाही. सुरगाण्यात कोकणा बोलीत वाचून दाखवणारी बाई लागते आणि तिचं मानधन अंदाजपत्रकात लागतं. उपचार देणारी चाचणी असेल तर पहिली स्त्री नोंदवण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद. मागाहून होत नाही.

‘पैसे वेळेवर येत नाहीत.’ खरं आहे. पहिला हप्ता मंजुरीनंतर काही महिन्यांनी येतो. पुढचा हप्ता खर्चाचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे जीएफआरचा (केंद्राचे वित्तीय नियम) १२-ए नमुना, गेल्याशिवाय सुटत नाही. त्यातला मोठा वाटा मात्र आपल्याच दप्तरात अडतो. उपकरणाच्या शीर्षकातले, म्हणजे उपकरणासाठीच मंजूर झालेले, पैसे प्रवासाला वापरलेले असतात, परवानगी घेतलेली नसते, आणि लेखापरीक्षक सही करत नाही. अनुदानावर मिळालेलं व्याज परत भरायचं असतं हे कुणाच्या गावी नसतं. दर महिन्याच्या पाच तारखेला शीर्षकवार खर्चाची एक वही स्वतः लिहा, लेखा विभागावर सोडू नका.

उशीर होणारच हे धरून क्षेत्रकामाचं वेळापत्रक आखा. जून ते सप्टेंबर पेठ-सुरगाण्यात मुसळधार पाऊस आणि भाताची आवणी. बायका शेतात असतात, रस्ते बेभरवशाचे. दिवाळीनंतर जावं तर घरं कुलूपबंद: द्राक्षांच्या कामाला कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे उतरलेली असतात. हप्ता जानेवारीत आला आणि तुम्ही फक्त गावांची यादी घेऊन निघालात, तर घरी सापडतील त्या ज्यांना मजुरीला जावं लागलं नाही अशा बायका, आणि अ‍ॅनिमियाचा आकडा खोटाच कमी येईल. म्हणून नमुन्याच्या यादीला दुसरा रकाना हवा: गावाचं नाव, आणि त्या गावच्या बायका त्या महिन्यात कुठल्या बागेवर मुक्कामाला आहेत ते. हे आशाताईंना माहीत असतं. त्यांचं मानधनही अंदाजपत्रकात घाला.