‘आउट’, ‘अवे’ आणि घाट उतरणारी ‘अप’ गाडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. रेल्वेतून निवृत्त होऊन 11 वर्षं झाली असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून ‘काका’ म्हणतोय, रागावू नका.

माणूस कुठे आहे हे इंग्रज ‘इन’, ‘आउट’, ‘अप’, ‘अवे’ असल्या टीचभर शब्दांत कसं सांगतात, या माझ्या लेखावर तुम्ही तीन हरकती घेतल्यात. ‘अप’ म्हणजे उत्तर दिशा असं मी ठोकून दिलं, ते साफ चूक. आत-बाहेर-वर-खाली मराठीतही आहे, मग त्यांचं कौतुक कशाला? आणि ‘आउट’, ‘अवे’, ‘ऑफ’ यांतला फरक हा नुसता कीस; माणूस जागेवर नाही एवढं कळलं की झालं.

शेवटच्या हरकतीपासून सुरुवात करतो, कारण त्या किसापायी मी तोंडघशी पडलेलो आहे. उत्तर इंग्लंडातल्या लीड्सला नवा होतो. एका कागदावर एका बाईंची सही हवी होती, म्हणून त्यांच्या ऑफिसात फोन केला. पलीकडून उत्तर आलं, ‘शी इज अवे’. मी समजलो, चहाला गेल्या असतील. अर्ध्या तासानं पुन्हा फोन, पुन्हा ‘अवे’. चौथ्या वेळी पलीकडची मुलगी आवाज जराही न चढवता म्हणाली की बाई 19 तारखेला येतील. त्या दिवशी तारीख होती 7.

बाई ‘आउट’ असत्या तर थोड्या वेळानं परतल्या असत्या. ‘अवे’ म्हणजे मुक्कामाला बाहेर. आपण ‘गावाला गेलेत’ म्हणतो ना, तेच. मग ते गाव स्पेनमधलं का असेना. ‘ऑफ’ म्हणजे आज कामावर नाहीत, रजा असेल किंवा ताप असेल. ‘ऑफ’ असलेला माणूस घरी मजेत ‘इन’ असू शकतो! आणि ‘अबाउट’ किंवा ‘अराउंड’ असेल तर इथंच कुठंतरी आहे, शोधा. थांबायचं, उद्या यायचं की पुढच्या आठवड्यात, हे त्या एका शब्दावर ठरतं. (ऑफिसच्या चॅटमध्ये नावापुढं ‘अवे’ दिसतं तेव्हा मात्र माणूस खरंच चहाला गेलेला असू शकतो. म्हणजे मी अगदीच बावळट नव्हतो.)

मराठीतही आहे म्हणता, ते खरंच. पण आपण ते वापरतो कसं, बघा. ‘साहेब आहेत का?’ असं विचारल्यावर शिपाई सांगतो, ‘मीटिंगला गेलेत’, ‘जेवायला गेलेत, येतीलच.’ क्रियापदाशिवाय आपलं भागत नाही, आणि त्या बदल्यात साहेब कशाला गेले हेही फुकटात कळतं. इंग्रज ‘आहे’पुढं एक चिमुकला शब्द ठेवतो आणि मोकळा होतो. कशाच्या आत, कुठून बाहेर, हे ऐकणाऱ्यानं धरून चालायचं. आपल्याकडे कुणी नुसतंच ‘भाऊ आत आहेत’ म्हटलं तर पहिला प्रश्न मनात येतो, कुठल्या केसमध्ये? इंग्रजांनी त्यासाठी ‘इनसाइड’ वेगळा ठेवलाय. सकाळी ‘ही इज अप’ म्हणजे तो उठलाय. आपल्याकडे कुणी ‘वर गेले’ म्हटलं की शेजारी चपला घालायला लागतात.

क्रिकेटचं तर विचारू नका. फलंदाजी ज्यांची तो संघ ‘इन’. त्यांचा खेळाडू ‘इन’ असला की ‘आउट’ जातो आणि ‘आउट’ झाला की ‘इन’ येतो. स्वतःवरच केलेला हा इंग्रजांचा जुना विनोद आहे. एका ‘इन’चं ठाणं, म्हणजे जिथून आत-बाहेर मोजायचं ती जागा, पॅव्हिलियन, दुसऱ्याचं ठाणं खेळपट्टी, आणि दोन्ही न बोललेली. लेखात मला हे न बोललेलं ठाणंच दाखवायचं होतं.

आणि तिथंच ‘अप’च्या बाबतीत मी स्वतः घसरलो. खंडाळ्याहून कर्जतला घाट उतरत येणारी गाडी ‘अप’, आणि कर्जतला बँकर (मागून ढकलणारं जादा इंजिन) लावून धापा टाकत चढणारी ‘डाउन’, हे तुमचं उदाहरण वाचून मी निरुत्तर झालो. तिथं ना उत्तर दिशा, ना चढ. ठाणं मुंबई, बस्स; तिकडे येणारी ‘अप’, तिथून निघालेली ‘डाउन’. घाटावरचा माणूस ‘खाली कोकणात जातो’ म्हणतो तेव्हा तो निदान खरोखर उतरत तरी असतो! गाड्यांचं हे ‘अप-डाउन’ आपल्याला इंग्लंडातूनच आलं. तिकडे लंडनकडे जाणारी गाडी सहसा ‘अप’. तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो, मिडलंड रेल्वे या जुन्या कंपनीची ‘अप’ दिशा डर्बीकडे होती, कारण तिचं मुख्यालय तिथं. लीड्समधली माणसं मात्र बोलताना सर्रास ‘डाउन टू लंडन’ म्हणतात, कारण नकाशात लंडन खाली. म्हणजे ‘डाउन’ जायला निघालेला माणूस ‘अप’ गाडीत बसतो. ते ऐकून ऐकून मी ‘अप म्हणजे उत्तर’ लिहून बसलो.

ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकायला तर कुठूनही निघा, तुम्ही ‘अप’च जाता, हाकलून दिलं की ‘सेंट डाउन’. अमेरिकेत बोस्टनहून ईशान्येला मेन राज्याकडे जाणारी शिडाची जहाजं पाठीवर वारा घेऊन जायची, म्हणजे वाऱ्याच्या दिशेनं ‘डाउन’. म्हणून तो सगळा किनारा आजही ‘डाउन ईस्ट’, नकाशात वर असूनही. लेखातली चूक आज दुरुस्त केली आहे.

आता तुमचा जाता जाता विचारलेला प्रश्न. न्यू जर्सीचा पुतण्या फोनवर ‘आय अ‍ॅम थ्रू’ म्हणाला, तुम्हाला वाटलं लाइन लागली, आणि तुम्ही इकडून खुशाली सांगायला सुरुवात केलीत. इंग्लंडात फोनवर ‘थ्रू’ म्हणजे लाइन जोडली गेली, त्यामुळे तुमचा अर्थ लंडनला बरोबर ठरला असता. अमेरिकेत ‘थ्रू’ म्हणजे ‘माझं बोलून झालं’. त्यानं फोन ठेवला तो रागानं नव्हे.