फक्त ‘इतर खनिजे’ लिहा!

अमेरिकेत जमीन घेताय? अभिनंदन! आता खरेदीखत नीट वाचायच्या भानगडीत पडू नका. तिथे जमीन एकाची आणि तिच्या पोटातली खनिजं दुसऱ्याची, असं सर्रास असतं. विकणाऱ्याने ‘तेल, वायू व इतर खनिजे’ स्वतःकडे राखून ठेवली, एवढं लिहिलं की पुरे. त्यात वाळू-खडी येते का, असं विचारणाऱ्याला शंकेखोर म्हणून गप्प बसवा. तिचा स्पष्ट उल्लेख केला तर कागदावर एक ओळ वाढते. नाही केला तर वकिलांच्या दोन पिढ्यांची सोय होते.

खालचे मालक तुम्ही असाल, तर शाळेतलं विज्ञान बाहेर काढा. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्‌झ, क्वार्ट्‌झ हे खनिज, म्हणून वाळू आपली. टेक्सासच्या न्यायालयात हे जरूर सांगा. ते शांतपणे ऐकून घेतील आणि वाळू-खडी वरच्या मालकाच्या पदरात टाकतील. तिथे ‘खनिज’ या शब्दाचा अर्थ प्रयोगशाळेतून नव्हे, रोजच्या बोलण्यातून काढतात. काय हा अडाणीपणा!

वायोमिंगमध्ये वरचे मालक असाल, तर मात्र बेधडक खणा. वेस्टर्न न्यूक्लिअर या युरेनियम कंपनीने तेच केलं. १९७५ मध्ये जमीन विकत घेतली, राज्याचा परवाना काढला आणि तिथली खडी जेफ्री सिटीच्या रस्त्यांवर पसरली. जमीन मूळची १९१६ च्या कायद्याखाली गुरं पाळणाऱ्यांना वाटलेली होती आणि ‘कोळसा व इतर खनिजे’ केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवली होती. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं, की खडी सरकारची. जमीन दिली ती शेती नि गुरांसाठी. गुरं काही खडी खात नाहीत. (माती सरकारची ठरली नाही, हे नशीब. तीही खनिज धरली असती तर मालकाकडे फक्त हवा उरली असती.)

नेवाडात याच्या बरोबर उलटं. तिथल्या १९१९ च्या कायद्यात सरकारने राखली होती ‘कोळसा व इतर मौल्यवान खनिजे’. एका विशेषणाची भर. १९१९ च्या नेवाडात वाळू-खडीला मौल्यवान कोण म्हणणार? म्हणून २००४ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयात ती जमीनमालकाची ठरली. लास वेगास वाढत गेलं, वाळूचा भाव वाढला, त्याचा इथे काय संबंध!

तेव्हा आपल्या जमिनीला कोणता कायदा लागू आहे, मूळ कागदात कुठलं विशेषण आहे, असले किरकोळ तपशील खणून झाल्यावर बघा. वायोमिंगच्या त्या प्रकरणात खरेदीपासून शेवटच्या निकालापर्यंत आठ वर्षं गेली. तेवढ्यात रस्त्यावरची खडी छान दबते.