आमच्या बाजूने सगळं ओके आहे

रविवार सकाळचे साडेदहा. रात्रभर झोप नाही, डोळ्यांत शेंगाचटणी गेल्यासारखी आग होतेय. आत्ता लिहिलं नाही तर कुणावर तरी ओरडेन, आणि घरात ओरडण्यासारख्या दोघीच आहेत, आई आणि बायको. दोघींचा आवाज माझ्यापेक्षा मोठा. म्हणून इथंच ओकतो.

"आमच्या बाजूने सगळं ओके आहे." हे वाक्य पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघालं, त्याला मे महिन्याच्या भर दुपारी आमच्या सोलापूरच्या सात रस्ता चौकात अनवाणी उभा करा. बास, एवढंच मागणं आहे.

मी मेनफ्रेमवर, म्हणजे बँकांच्या वगैरे भल्यामोठ्या कॉम्प्युटरवर काम करतो. हो, त्या अजून आहेत. नाही, म्युझियममध्ये नाहीत. आयबीएमने 1964 साली सिस्टिम 360 आणली, तिचीच ही नातवंडं-पणतवंडं, आणि जगातल्या कितीतरी बँकांचे व्यवहार अजून त्यांच्यावरच चालतात. एका मशीनचे भाग पाडलेले असतात, त्याला एलपार म्हणतात. वाडा एकच, पण भावाभावांत वाटण्या झालेल्या आणि चुली वेगळ्या. प्रत्येक एलपारची ऑपरेटिंग सिस्टिम स्वतंत्र. शेजारच्या एलपारला आपण कोण, हे तुम्ही कागदोपत्री कळवल्याशिवाय कळत नाही.

काल रात्रीचं काम काय, तर एका नव्या एलपारला जुन्या एलपारशी बोलतं करायचं. सीटीसीने. म्हणजे चॅनेल टू चॅनेल, एकाचा डेटाचा रस्ता थेट दुसऱ्याच्या रस्त्याला जोडायचा. ऐकायला सोपं वाटतं ना? दोन्ही एलपार एकाच पेटीत. पण सीटीसीची गंमत अशी की फायकॉनची (मेनफ्रेमच्या फायबर जोडणीची) केबल पेटीतून बाहेर निघते, स्विचपर्यंत जाते आणि त्याच पेटीत परत येते. पलीकडच्या खोलीतल्या भावाला "जेवायला ये" म्हणायला कुर्डुवाडीला जाऊन परत यायचं. तरी याला माझा आक्षेप नाही. चालतं ते, आणि चांगलं चालतं.

रात्री एक वाजता कॉलवर एक साहेब उगवले. "मग हायपरसॉकेट का नाही वापरत? पेटीतल्या पेटीतलं नेटवर्क, त्याला केबलच लागत नाही." बरोबर आहे साहेब, नाही लागत. 2001 पासून आहे, सगळा कारभार मशीनच्या मेमरीतूनच होतो, आणि आयपीच्या ट्रॅफिकला ते झकास आहे. पण आपल्याला हवाय एक्ससीएफचा, म्हणजे दोन सिस्टिमनी एकमेकींना निरोप धाडायच्या सोयीचा रस्ता, आणि एक्ससीएफला एक तर सीटीसी चालतं नाही तर कपलिंग फॅसिलिटीतलं (सगळ्यांच्या सामायिक मेमरीतलं) स्ट्रक्चर. हे मी नम्रपणे सांगितलं. साहेब म्हणाले, "ओके, जस्ट चेकिंग." आणि म्यूट झाले ते सकाळपर्यंत.

आता खरं दुखणं. लिंकला दोन टोकं असतात, हे तर शाळेतल्या पोरालाही कळतं. पण आमच्याकडे एक टोक एका टीमचं, दुसरं दुसऱ्या टीमचं, मधला स्विच तिसऱ्यांचा आणि एचएमसीवरचं (मशीन चालवायच्या कन्सोलवरचं) एलपारच्या सेटिंगचं प्रोफाइल चौथ्यांचं. चौघं आपापलं टोक बघतात, आपापल्या टोकाला हळदीकुंकू वाहतात आणि कॉलवर येऊन तेच वाक्य बोलतात. स्विचवाले म्हणाले, पोर्ट वर आहे. प्रोफाइलवाले म्हणाले, एलपार ॲक्टिव्ह आहे. पलीकडचे म्हणाले, डिव्हाइस डिफाइन केलेत. आणि मी VARY ऑनलाइन, म्हणजे डिव्हाइस चालू करायची कमांड मारतोय तर कन्सोलवर आयईई103आय: युनिट नॉट ब्रॉट ऑनलाइन. परत मारलं. परत तेच. अरे, चौघांच्या बाजूने ओके असेल तर हे काय भुताने केलं का?

गेल्या वर्षी तर याहून भारी झालं होतं. व्हीटॅम या नेटवर्क सॉफ्टवेअरची एमपीसी लिंक होती, वाचायची आणि लिहायची वाट वेगळी असणारी. त्यात एकाचा रीड दुसऱ्याच्या राइटला जोडायचा असतो. दोन्ही टीमनी एकच टेम्प्लेट कॉपी केलं आणि रीडला रीड जोडला. दोघे कानाला कान लावून बसले, बोलणार कोण? तेव्हाही दोन्ही बाजूंनी ओकेच होतं.

असो. दोन वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. इन्व्हर्टरवर फक्त राउटर आणि लॅपटॉप. पंखा बंद. सोलापूरचा मे, वरच्या मजल्यावरची खोली, पाठीला चिकटलेला बनियन आणि कानात चौदा माणसांचा कॉल. अशा अवस्थेत मी आयओसीपीची फाइल, म्हणजे कुठलं डिव्हाइस कुठं जोडलंय त्याची यादी, ओळीओळीने वाचायला घेतली. तिच्यात अजून पंच कार्डाचे नियम आहेत बरं का. ओळ पुढे चालू ठेवायची तर 72व्या रकान्यात खूण, आणि पुढची ओळ 16व्या रकान्यापासून. माझे वडील चादरीच्या कारखान्यात जॅकार्डच्या मागावर होते, त्यांच्या डिझाइनचीही भोकांची कार्डं असायची. एक भोक चुकलं की मोराची चोच शेपटीला. पण तिथं निदान चूक चादरीवर दिसायची आणि मालक लगेच कोकलायचा. इथं चुकीचा आकडा मुकाट बसून राहतो.

आकडा. सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

सीटीसीच्या कंट्रोल युनिटला सीयूॲड म्हणून दोन अंकी पत्ता द्यावा लागतो. पहिला अंक समोरच्या एलपारच्या चॅनेल सबसिस्टिमचा (चॅनेलच्या गटाचा), दुसरा त्याच्या एमआयएफ आयडीचा (त्या गटातल्या त्याच्या नंबरचा). म्हणजे सबसिस्टिम 1 आणि एमआयएफ आयडी 4 असेल, तर 14. आता याच एलपारला आणखी एक नंबर असतो, एचएमसीवरच्या प्रोफाइलमधला पार्टिशन आयडी. तोही दोन अंकी, हेक्समध्ये (9 नंतर ए ते एफ), दिसायला जुळा भाऊ. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असलाच पाहिजे असं नाही. शहाणे लोक मुद्दाम दोन्ही सारखे ठेवतात, म्हणजे घोळच नको. पण शहाणे लोक आमच्या प्रोजेक्टवर नाहीत.

आमच्या एक्सेल शीटमध्ये त्या एलपारच्या ओळीत लिहिलं होतं 1सी. आणि रकान्याचं नाव? "आयडी". कुठला आयडी? कशाचा आयडी? आधारचा का रेशनकार्डाचा?

हे डोक्यात शिरायला चार वाजले, आणि बरोबर चार वाजता नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ते सोडून बसलात तर पुढचे चार दिवस बायको तुम्हाला सोडत नाही. आईची खालून हाक, "अरे पाणी आलंय, उठ की!" हेडसेट तसाच कानात, म्यूट करून अंगणात पाइप लावला. लाइट नाही म्हणून मोटर नाही, बादलीनं पिंप भरणं सुरू. शेजारचे काका लुंगी सावरत म्हणाले, "काय करूलालास बे रात्रभर? खिडकीत उजेड दिसूलालता." काय सांगू काका, दोन भावांत बोलणं सुरू करून देतोय.

एका हातात पाइप धरून अनम्यूट केलं. विचारलं, "हा 1सी कुठून घेतला?"

"प्रोफाइलमधून, सर."

"एमआयएफ आयडी किती आहे?"

शांतता. बादली भरून वाहिली. "सर, तो 4 आहे. पण शीटमध्ये आयडी मागितला होता, आम्ही आयडी दिला. आमच्या बाजूने..."

पुढचं मी ऐकलं नाही.

एचसीडीत, म्हणजे या जोडण्या लिहायच्या प्रोग्राममध्ये, सीटीसी कनेक्शन लिस्ट नावाचा एक पडदा आहे. समोरचं टोक जुळत नसेल तर तिथं उघड दिसतं. दोन मिनिटांचं काम. कुणी उघडलाच नाही, कारण तो पडदा "कुणाच्या बाजूचा" हे ठरलेलं नव्हतं. मीही उघडला नाही, हे कबूल.

पुढे दहा मिनिटांचा खेळ. सीयूॲडमधला 1सी काढून बरोबर आकडा घातला, जोडण्यांची नवी फाइल (आयओडीएफ), आधी ती लागू करायची ACTIVATE टेस्ट, मग खरं ACTIVATE, मग VARY. डिव्हाइस आले, एक्ससीएफचे पाथ सुरू केले आणि कन्सोलवर रस्ता जुळल्याची आयएक्ससी466आय सूचना, जातानाची एक आणि येतानाची एक. पण चेंजसाठी मंजूर झालेली वेळ साडेचारला संपली होती, आणि वाढीव वेळेला होकार देणाऱ्या बाईंना शोधण्यात त्या दहा मिनिटांच्या आधी पाऊण तास गेला.

आत्ता मेल आलाय. कारण म्हणून लिहिलंय "कम्युनिकेशन गॅप", आणि जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव. पुढच्या शनिवारी दुसरा एलपार जोडायचाय. सोबत तेच शीट जोडलंय. उघडून बघितलं. रकान्याचं नाव अजून "आयडी"च आहे.