रोटाचे गहू आणि घरपट्टीचा पैसा

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मंदिराच्या सभामंडपात ग्रामसभा भरवू नये आणि सभामंडपाच्या कामाला ग्रामपंचायतीचा निधी वापरू नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, मंदिर हीच गावाची बसायची जागा, आजवरचे निवाडे तिथेच झाले. धर्म आणि शासन वेगळं ठेवायचं हे गोऱ्यांचं खूळ. आणि हजला सरकार पैसे देत होतं तेव्हा मी कुठे होते? शेवटी, मला देवाचं वावडं आहे, असंही लिहिलंत.

शेवटचं आधी घेते, कारण ते लागलं. आमच्या घरी कानबाई, म्हणजे आम्हा खान्देशातल्यांची देवी, बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात पाय ठेवायला जागा नसते. पुण्या-सुरतेची भाऊबंदकी येते, रात्रभर गाणी चालतात, सोमवारी नदीवर विसर्जन. रोटाचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचे, गहू आमच्याकडे घरातल्या माणसांच्या नावाने मुठीने मोजून घेतात आणि तो रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही. माझ्या शेजारणीशी माझी रोजची देवघेव, साखरेपासून विरजणापर्यंत. पण रोट तिलाही देत नाही, आणि तिला कधी त्याचं वाईट वाटलं नाही. गहू आमचे, कुळाचार आमचा.

आता समजा, हेच गहू मी गावाच्या रेशन दुकानातून, गावाच्या वाट्याचे आणले आणि म्हटलं, रोट मात्र आमची भाऊबंदकीच खाणार. तुम्ही चालू द्याल? घरपट्टी, पाणीपट्टी आणि शासनाकडून आलेला निधी हे रेशनचे गहू आहेत, भाऊ. सभामंडप बांधायचा तर वर्गणी काढा, पावती फाडायला मी पहिली येईन.

ग्रामसभेचं मी ऐकीव लिहिलं नव्हतं. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याचं, तडवींची बरीच घरं आहेत. ते भिल्ल आणि धर्माने मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. त्यांच्यातली एक बाई ग्रामपंचायतीवर निवडून आलेली आहे. मागच्या ग्रामसभेत ती सभामंडपाच्या खालच्या पायरीवर, चपलांशेजारी बसली होती. हातात वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीचा अर्ज. तिला कुणी अडवलं नव्हतं, हे मी कबूल करते. कुणी ‘वर ये’ असंही म्हटलं नाही, आणि तिला स्वतःहून वर जाववलं नाही. आत काय चाललंय ते तिथवर ऐकू येत नव्हतं. तिचा विषय पुकारला गेला तेव्हा तिला कळलंच नाही आणि तो पुढच्या सभेवर गेला. त्याच दिवशी माझ्या गल्लीतल्या दोघी घरी राहिल्या, कारण त्यांची पाळी होती. महिलांसाठी 50 टक्के जागा राखीव आहेत, आणि सभा अशा जागी भरते जिथे बाई महिन्यातले चार दिवस जाऊ शकत नाही! देवळाचे नियम देवळाने पाळावेत. पण ग्रामपंचायतींच्या 1958 च्या अधिनियमाप्रमाणे मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेत असतो, त्याला कुठलीही शिवाशिव लागू नाही.

पूर्वी निवाडे तिथेच व्हायचे म्हणता. व्हायचे. त्या निवाड्याला बाया बसायच्या का? गावकुसाबाहेरचे बसायचे का?

गोऱ्यांच्या खुळाबद्दल. अमेरिकेतली धर्म आणि शासन यांच्यामधली ती ‘भिंत’ कुणा नास्तिकाने मागितलेली नव्हती. कनेक्टिकट राज्यात एका पंथाला राजमान्यता होती; तिथल्या डॅनबरीच्या बाप्टिस्ट मंडळींनी, म्हणजे अल्पसंख्य पण पक्क्या भाविकांनी, राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्याकडे गाऱ्हाणं मांडलं. 1802 मध्ये त्यांना दिलेल्या उत्तरात जेफरसन यांनी भिंतीचा शब्द वापरला. आपल्या संविधानाने तशी सरळ भिंत घातली नाही, ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे आणि मी ती लपवत नाही. कलम 25 मध्येच हिंदूंची सार्वजनिक देवस्थानं सर्व जातींना खुली करण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. मला तो योग्य वाटतो. अमळनेरच्या शाळेत मास्तरकी केलेले साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणाला बसले, ते विठ्ठल मंदिराचं दार अस्पृश्य मानलेल्यांनाही उघडावं म्हणून. त्यांच्याइतका भाविक माणूस तुम्हाला खान्देशात शोधून सापडणार नाही. त्यांनी विठ्ठलासाठी तिजोरी मागितली नाही, दार मागितलं.

आणि आपल्या जळगावचा रामरथ बघा. कार्तिकी एकादशीला निघतो, वाटेत मुस्लिम संत लालशाबाबांच्या समाधीवर चादर चढते. ही रीत कुठल्या सरकारी आदेशाने पडलेली नाही.

आता हज. ते अनुदान मला तेव्हाही चूक वाटत होतं, आजही वाटतं. त्यावरचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये फेटाळला. एखाद्या धर्माच्या वाढीसाठी कर भरायची सक्ती नको, असं संविधानाचं कलम 27 सांगतं; कराचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी गेला तरच ते मोडतं, असं न्यायालयाचं म्हणणं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ते अनुदान 10 वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं आणि 2018 मध्ये ते बंद झालं. मी तेव्हा लिहीत नव्हते. लिहीत असते तर हेच लिहिलं असतं. पण हजच्या पैशाचा राग त्या पायरीवरच्या बाईवर कसा निघेल? तिने टाकी मागितली होती.

15 ऑगस्टची ग्रामसभा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात घ्यावी, असा अर्ज मी दिला आहे. त्यावर 41 सह्या आहेत. त्यात आमच्या मारुतीच्या पुजारीबुवांचीही आहे. मंदिरात सभेच्या दिवशी चालणाऱ्या भांडणांना तेही कंटाळले आहेत. तुमच्या गावात ग्रामसभा कुठे भरते, तेवढं मला कळवा.