रोबस्टनेसचा तक्ता नेमका कोणासाठी?

अर्थशास्त्रातला आकडेवारीवरचा कुठलाही पेपर उघडा, शेवटी 'रोबस्टनेस'चा, म्हणजे निष्कर्ष किती टिकाऊ आहे ते दाखवणारा, लांबलचक तक्ता येतोच. दोन व्हेरिएबल (हिशेबात धरलेले घटक) वाढवून पाहिले, एक देश वगळला, कालखंड थोडा सरकवला. निष्कर्ष जागचा हलला नाही, सबब निष्कर्ष भक्कम. मला हल्ली हा तक्ता जितका लांब तितका जास्त संशय येतो. परीक्षेचा पेपर काढणारा आणि सोडवणारा एकच असेल तर नापास कोण होणार?

अर्थतज्ज्ञ आयझॅक अर्लिक यांनी १९७५ साली अमेरिकेची १९३३ ते १९६९ ची आकडेवारी घेऊन दाखवलं, की एका फाशीमागे सात-आठ खून टळतात. त्यावर बराच गदारोळ झाला. मग इतरांनी १९६२ नंतरची मोजकी वर्षं वगळून तेच रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे ते काढणारं समीकरण) चालवलं, तर परिणाम गायब! साठच्या दशकात फाशी जवळजवळ थांबत आली होती आणि खून वाढत होते. सगळा डोलारा त्या शेपटावर उभा होता. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ एडवर्ड लीमर यांनी फाशीचंच उदाहरण घेऊन सहकाऱ्यांना झाडलं: कुठले व्हेरिएबल महत्त्वाचे, हे तुम्ही आधीच ठरवता आणि उत्तर त्याप्रमाणे येतं.

दुसरं उदाहरण राइनहार्ट-रोगॉफ प्रकरणाचं. सरकारी कर्ज फार वाढलं की आर्थिक वाढ खुंटते, असं या दोन अर्थतज्ज्ञांनी देशोदेशीच्या सरासरी वाढीवरून मांडलं होतं. त्यात लोक हसले ते एक्सेलमधल्या चुकीला. पाच देश सरासरीतून सुटले होते. पण त्या चुकीने फरक पडला जेमतेम ०.३ टक्क्यांचा. खरी गोम वेगळीच होती. कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर असलेल्या देशांच्या सरासरीत न्यूझीलंडचं एकच वर्ष होतं, १९५१, तेही जोरदार घसरणीचं. ब्रिटनची होती १९ वर्षं. सरासरीत वजन मात्र दोघांना सारखंच! २०१३ मध्ये हर्नडन, अ‍ॅश आणि पोलिन यांनी सुटलेला डेटा आत घेऊन आणि वजनं बदलून पाहिलं, तर सरासरी वाढ उणे ०.१ वरून २.२ टक्क्यांवर गेली. देशागणिक सरासरी काढणं हा काही गुन्हा नाही, मूळ लेखकांनीही त्या पद्धतीची बाजू मांडलीच. पण निकाल इतका अशा निवडींवर लटकलाय, हे वाचकाला पेपरातच कळायला हवं होतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मॉडेल कुठे टिकलं ते नंतर सांगा, कुठे मोडलं ते आधी सांगा. आणि मोडून बघायचं काम निकालाशी देणंघेणं नसलेल्या माणसाकडे द्या, डेटा आणि कोडसकट.

अतिरेक इथेही होतो, हे मान्य. लेव्हिन आणि रेनेल्ट यांनी १९९२ मध्ये आर्थिक वाढीशी जोडल्या जाणाऱ्या घटकांना लीमर यांची कडक कसोटी लावली (समीकरणातले इतर घटक बदलून पाहायचे, एकदाही निष्कर्ष डळमळला की घटक बाद), तर जवळपास सगळेच गळाले. एका समीकरणात नापास म्हणजे कायमचा नापास, हा न्याय अर्थतज्ज्ञ साला-इ-मार्टिन यांना पटला नाही. त्यांनी १९९७ मध्ये लाखो रिग्रेशन चालवून उत्तरांचं पूर्ण वितरणच, म्हणजे किती समीकरणांत काय उत्तर येतं ते, पाहिलं. मला त्यांचा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. फक्त डेटा तोच असल्यामुळे त्यातली मोजमापाची चूक लाखो समीकरणांत तशीच उतरते, आणि त्यावर रिग्रेशनची संख्या वाढवून काहीच होत नाही.